सगळ्या किल्ल्या एकाच कंबरेला

या वेळचं पत्र सोलापूरच्या पूर्व भागातून आलंय. नाव छापू नका असं ताईंनी बजावून सांगितलंय, म्हणून गटातल्या बायका त्यांना जी हाक मारतात तीच आपण पण वापरू, अक्का. पत्र लांबलचक आहे, मुद्द्याचं तेवढं देते.

"मी आधी घरात विड्या वळायचे. मग गल्लीतल्या दहा जणींना घेऊन बचत गट काढला. आज ११ वर्षं झाली, आमचा १४ गटांचा वस्तीस्तर संघ आहे आणि मी अध्यक्ष आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं युनिट पण मीच बघते. सकाळी साडेपाचला पहिला फोन, रात्री अकराला शेवटचा. कपाटाची किल्ली माझ्याकडं, गोडाऊनची माझ्याकडं, बँकेत सही माझी. पहाटे तीनला जाग येते आणि मी पडल्या पडल्या कुणाचा हप्ता राहिला ते मोजत बसते. आधी बायकांचा फोन आला की बरं वाटायचं, आता नाव दिसलं की राग येतो. मागच्या महिन्यात एका विधवा बाईचे दोन हप्ते थकले म्हणून मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिला लई बोलले, तेव्हापासून ती येतच नाही. नवरा म्हणतो सोड सगळं. एका कार्यक्रमात एक साहेब म्हणाले, तुम्ही डॉक्टर कोटणीसांच्या गावच्या, खरा नेता कधी थकत नसतो. मग मीच कमी पडले का? मी सोडलं तर सगळं मोडेल. अजून दहा वर्षं हे कसं रेटायचं ते सांगा."

अक्का, आधी त्या साहेबांचंच घेऊ, कारण ते वाक्य तुम्हाला आत कुठंतरी लागलंय. असं बोलणारा माणूस भाषण झालं की शाल-नारळ घेऊन गाडीत बसतो आणि जातो, रात्री अकराला पासबुक कुठं भरून मिळतं म्हणून त्याला कुणी फोन करत नाही. आणि कोटणीसांचं उदाहरण द्यायचंच तर पूर्ण द्यावं की! १९३८ साली ते भारतातल्या डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेले, तिथं जपानशी युद्ध चालू होतं, तीन-तीन दिवस न झोपता त्यांनी जखमींची ऑपरेशनं केली असं सांगतात, आणि ९ डिसेंबर १९४२ ला फक्त ३२ व्या वर्षी आकडीच्या आजारानं गेले. त्यांच्यापुढं हात जोडायचे, आपल्या गावचा एवढा मोठा माणूस, अभिमान बाळगायचाच. पण ते लढाईतलं काम होतं. तुमचं काम हप्ते, हिशेब आणि भाकरीच्या ऑर्डरीचं, जे यंदा पण आहे, पुढच्या वर्षी पण आहे आणि त्याच्या पुढच्या वर्षी पण आहे. लढाईचा वेग त्याला लावला की माणूस संपतो.

आता तुमच्या थकव्याकडं येते, आणि सगळ्यात आधी दवाखाना. हसू नका. तुम्ही वय ४६ लिहिलंय. या वयात पाळी जायच्या सुमाराला झोप मोडते, चिडचिड होते, अंगातनं वाफा येतात, आणि बाई समजते की आपलं डोकंच बिघडलं. वरनं हिमोग्लोबिन. बाईचं १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया धरतात, आणि पहाटे पाचला उठून दुपारी तीनला चहा-बिस्किटावर जेवण भागवणाऱ्या बाईचं ते किती असेल मला शंकाच आहे. थायरॉइड, बी-१२, शुगर, बीपी एवढं तरी बघून घ्या, सिव्हिलला जा नाहीतर जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात जा, पण जा. थायरॉइड हललेलं असताना मी तुम्हाला मनाच्या चार गोष्टी सांगत बसले तर काय उपयोग.

समजा रिपोर्ट सगळे नॉर्मल आले, किंवा गोळ्या सुरू झाल्या तरी ते फोनचं नाव बघून राग येणं राहिलंच, तर मग त्याला बर्नआउट म्हणतात. हा शब्द हल्ली आयटीवाल्या पोरांच्या तोंडी असतो म्हणून आपल्याला वाटतं ही पुण्या-बेंगळुरूची फॅन्सी दुखणी. पण गंमत बघा, हा प्रकार पहिल्यांदा नीट लिहून काढला गेला तो तुमच्यासारख्याच लोकांवरनं. न्यूयॉर्कमध्ये फ्रॉइडेनबर्गर नावाचे एक मानसतज्ज्ञ होते, दिवसभर आपली प्रॅक्टिस करायचे आणि संध्याकाळी गरिबांच्या फुकट दवाखान्यात राबायचे, तिथं त्यांनी पाहिलं की जे स्वयंसेवक सगळ्यात जास्त जीव ओतून काम करतात तेच वर्षभरात कोरडे पडतात, पेशंटवर खेकसायला लागतात, आणि हे त्यांचं स्वतःचं पण झालं. १९७४ ची गोष्ट. म्हणजे आळशी माणसाला हे होत नाही ओ, ज्याला कामाची आच असते त्यालाच होतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये याच्या तीन खुणा दिल्यात, आणि याला रोग म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्यामुळं उद्भवणारी अवस्था म्हटलंय. एक, अंगातलं बळ संपणं. दोन, कामाबद्दल आणि माणसांबद्दल मन उडणं, कडवटपणा येणं. तीन, आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटायला लागणं. आता तुमचं पत्र परत वाचा. पहाटे तीनची जाग, फोनचा राग, आणि "मीच कमी पडले का". तिन्ही तुम्हीच लिहून पाठवल्यात की.

नवरा म्हणतो सोड, शेजारीण म्हणत असेल चार दिवस तिरुपतीला जाऊन ये. जाऊन या, दर्शन घ्या, माझी ना नाही. पण चार दिवसांनी परत आलात की स्टेशनवर उतरायच्या आत तीस मिसकॉल असणार आणि कपाटाची किल्ली तुमच्याच पर्समध्ये असणार, म्हणजे चार दिवस त्या १४ गटांचं काम अडून बसलेलं असणार आणि ते सगळं एकदम तुमच्या अंगावर येणार. सुट्टीनं अंगाचा शीण जातो, पण तुमचा शीण सगळं तुमच्यातनंच जातं याचा आहे. आणि रागावू नका, पण एक बोलते, त्यातलं थोडं तुम्हाला आवडतं पण. अक्का नसली की पान हलत नाही, हे ऐकायला कुणाला आवडत नाही? विड्या वळणाऱ्या बाईला आज बँकेचा मॅनेजर उठून खुर्ची देतो, ही तुमची कमाई आहे आणि ती कुणी काढून घेऊ नये असं वाटणं साहजिक आहे. फक्त त्या आवडीची किंमत काय लागायलीय ते एकदा बघा.

ते बघायला एक आठवडा एक वही ठेवा. नवीन काही शिकायला नको, गटाचं रजिस्टर लिहिता तशीच. प्रत्येक फोन आला की एक ओळ: कुणाचा, कशासाठी, आणि हे माझ्याशिवाय दुसरं कुणी करू शकलं असतं का. मी न बघता सांगते त्या वहीत काय निघेल. "अक्का, पॅकिंगच्या पिशव्या संपल्यात." "अक्का, ज्वारीवाला आलाय, किती पोती उतरवू?" "अक्का, माझी सासू बोलायलीय, तुम्ही जरा समजावा." "अक्का, मीटिंग किती वाजता?" मीटिंगची वेळ ग्रुपवर टाकलेली असते बरं का, तरी फोन येतो, कारण अक्का उचलते! दहातले आठ तरी फोन असले निघतील. उरलेले दोन खरे, बँकेचं, भांडणाचं, कुणाच्या घरातल्या मारहाणीचं, ते तुमचेच.

आता इथं सगळे चुकतात ते सांगते. कामं वाटून देतात, निर्णय वाटत नाहीत. ज्वारी उतरवून घ्यायला दुसरीला सांगितलं, पण भाव आवडला नाही तर परत पाठवायचा अधिकार तिला नाही, मग ती विचारायला फोन करणारच, म्हणजे काम गेलं आणि फोन राहिला. त्यापेक्षा कोषाध्यक्षांना सांगा, दोन हजारापर्यंतचा युनिटचा खर्च तुम्ही ठरवायचा, मला विचारायचं नाही, महिन्याच्या मीटिंगमध्ये फक्त हिशेब दाखवायचा. मालाचं जी बघते तिला सांगा, ज्वारी किडकी वाटली तर पोतं परत, माझं नाव सांगायचं नाही, स्वतःचं सांगायचं. आणि ती चुकेल. हे लिहूनच ठेवा, पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती नक्की चुकेल, महाग घेईल, पिशव्या चुकीच्या साइजच्या आणेल, एखादी ऑर्डर उशिरा जाईल. तेव्हा तुमची जीभ वळवळेल. गप्प बसायचं. सगळ्यांसमोर तर अजिबात बोलायचं नाही, कारण एकदा तुम्ही मीटिंगमध्ये तिचा निर्णय फिरवलात की परत आयुष्यात ती निर्णय घेणार नाही, आणि तुम्ही म्हणत बसणार की कुणी जबाबदारीच घेत नाही हो. पाचशे-हजाराचं नुकसान झालं तर होऊ द्या, ती फी समजा. बाहेर ट्रेनिंगला यापेक्षा जास्त घेतात.

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, तुम्ही दरवर्षी जात असाल, संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक बघत असाल. बाळीवेसेतनं सातही काठ्या निघतात, बाराबंदी घातलेला गडी एवढी उंच जड काठी कंबरेशी तोलून चालतो, बघताना आपला श्वास अडकतो. पण तो एकटा शेवटपर्यंत नेतो का? थोडं अंतर गेलं की दुसरा पुढं होतो, काठी त्याच्याकडं जाते, पहिला बाजूला होऊन घाम पुसतो, आणि त्याला कुणी कमजोर म्हणत नाही. आणि पुढं येणाऱ्यानं त्याआधी कितीतरी दिवस सराव केलेला असतो, आयत्या वेळी गर्दीतनं कुणाला ओढून आणत नाहीत. तुमच्या संघात तो सराव कोण करतंय सध्या? पत्रात तुम्ही सचिवबाईंचं नाव सुद्धा घेतलेलं नाही.

वेळेचं बोलू. साडेपाच ते अकरा म्हणजे साडेसतरा तास, त्यात स्वयंपाक-पाणी आलं, धरा निम्मा वेळ संघाचा, तरी आठवड्याला साठ तास सहज. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना या दोघांनी मिळून २०२१ मध्ये एक अभ्यास काढला होता, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा लकव्याचा धोका ३५ टक्के जास्त आणि हार्टच्या आजारानं मरायचा धोका १७ टक्के जास्त. घाबरवायला सांगत नाही, पण अध्यक्षांना लकवा झाला तर संघ कोण चालवणार हा प्रश्न तुम्ही आज विचारलेला बरा.

म्हणून रात्री आठनंतर फोन बंद. बंद म्हणजे सायलेंट नाही, सायलेंटवर तुम्ही बघणार. आठनंतर खरंच अडचण आली, दवाखाना, पोलीस, आग, तर सचिवबाईंना फोन करायचा आणि त्यांना वाटलं तर त्या तुमच्या मिस्टरांच्या फोनवर करतील, एवढा नियम ग्रुपवर टाका. पहिले आठ-दहा दिवस बायका रुसतील, अक्का बदलली म्हणतील, एखादी तर म्हणेल पद डोक्यात गेलं. म्हणू द्या. बचत गटाची पंचसूत्री, म्हणजे पाच नियम, पाळायला तुम्हीच शिकवलंत ना त्यांना, त्यातलंच वेळेवर बैठक, वेळेवर बचत, वेळेवर परतफेड, मग अक्काची वेळ पण त्या पाळतील. आणि पाण्याच्या दिवशी मीटिंग ठेवायची नाही. काही दिवसांआड नळाला पाणी येणार, त्याच दिवशी अकराला बँक आणि बाराला मीटिंग, असलं करून तुम्ही स्वतःचेच हाल करून घेताय. पाण्याचा दिवस घरचा.

वर्षाचं पण असंच बघा. दिवाळीला आणि गड्ड्याच्या सुमाराला चटणी-भाकरीचा माल जातो, मार्चला बँक आणि हिशेबाची धावपळ, आणि मग एप्रिल-मे, सोलापूरचं ऊन, पारा ४२-४३ ला टेकलेला, त्यात भाकरीच्या तव्यापुढं उभं राहायचं. जानेवारीत जीव तोडून पळालात तर फेब्रुवारीत नवीन काहीच घ्यायचं नाही, ना ट्रेनिंग, ना प्रदर्शन, ना कुणाचा सत्कार. मेमध्ये युनिट सकाळी सहा ते दहा चालवा आणि दुपार बंद ठेवा. ऑर्डर कमी निघेल, निघू द्या. मुंबई-दिल्लीच्या प्रदर्शनाला दर वेळी अध्यक्षांनीच जायचं असं कुठं लिहिलंय? गटातल्या त्या बारावी झालेल्या सुनांना पाठवा, त्यांना फोनवरनं पैसे घेणं पण तुमच्यापेक्षा चांगलं जमतं.

आता एक विषय जो तुम्ही पत्रात कुठंच काढला नाहीत, पैसे. ११ वर्षं रिक्षाभाडं कुणी दिलं? फोनचा रिचार्ज? माझा अंदाज आहे की तुमच्याच पदरचं. ख्रिस्तिना मास्लाक नावाच्या अमेरिकेतल्या बाईंनी सगळा जन्म या बर्नआउटच्या अभ्यासात घातला, त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की माणूस नुसत्या कामाच्या ढिगानं जळत नाही, सहा गोष्टी बघाव्या लागतात: कामाचा बोजा, आपल्या हातात किती आहे, मोबदला, आपली माणसं, न्याय, आणि मनाला पटणं. तुम्हाला काम पटतं, माणसं होती, बोजा भयंकर आणि मोबदला शून्य. "समाजसेवेचे पैसे कशाला" हे बायकांनाच ऐकवतात, हिशेब लिहिणाऱ्या पोराला मात्र महिन्याला पाकीट मिळतं. संघाच्या बैठकीत ठराव करा, अध्यक्ष-सचिवांचा प्रवास आणि फोनखर्च संघानं द्यायचा, पावती लावून, आणि युनिटमध्ये जितके तास उभ्या राहता तितकी मजुरी बाकी बायकांसारखीच घ्यायची. दोघी-चौघी कुजबुजतील. रजिस्टर उघडं ठेवा, कुजबुज थांबते.

त्या विधवा ताईंकडं या आठवड्यात जा. त्यांना बोलावू नका, तुम्ही जा, आणि बरोबर कुणाला नेऊ नका. हप्त्याचा विषय काढायचा नाही. "मी त्या दिवशी चुकले, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं" एवढं म्हणायचं, पुढं "पण काय आहे ना, नियम आहे" हे जोडायचं नाही. त्या काही बोलल्या तर ऐकून घ्या. हप्ते पुढं ढकलायचे का, छोटे करून द्यायचे का, हे नंतर त्यांच्या गटानं बैठकीत ठरवायचं, तुम्ही नाही. आणि पुढच्या संघाच्या मीटिंगमध्ये दोन वाक्यांत सगळ्यांसमोर पण सांगा, कारण अपमान सगळ्यांसमोर झाला होता.

स्वतःसाठी एक करा. दुसऱ्या भागातल्या संघाची एखादी अध्यक्ष असेलच ओळखीची, जुळे सोलापूरची म्हणा, शेळगीची म्हणा. महिन्यातनं एकदा दोघींनी कंबर तलावाकडं जाऊन बसायचं, भेळ खायची, आणि मनसोक्त आपल्या बायकांबद्दल बोलायचं. आपल्या संघात तुम्ही हे कुणापाशी बोलू शकत नाही, नवऱ्यापाशी बोललात की तो म्हणतो सोड. ज्या बाईला स्वतःला रात्री अकराला फोन येतात ती सोड म्हणत नाही, ती म्हणते "अगं माझ्याकडं पण सेम!" आणि पहाटेची जाग थांबलीच नाही, रडू यायला लागलं, कशातच जीव लागेना झाला, तर टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, बिनधास्त लावा.

राहता राहिलं, दहा वर्षं कसं रेटायचं. रेटायचंच नाही. दहा वर्षं अध्यक्ष राहायचा विचार मनातनं काढा, आणि आज तडकाफडकी राजीनामा पण देऊ नका, रागात दिलेला राजीनामा बायका स्वीकारत नाहीत, पाया पडून परत बसवतात, आणि मग तुम्ही आणखी पाच वर्षं अडकता. यंदाचं ऑडिट होऊ द्या. तोपर्यंत सचिव नाहीतर कोषाध्यक्ष, जी तयार होईल तिला प्रत्येक ठिकाणी बरोबर न्या, बँकेत तिलाच बोलायला लावा, तुम्ही शेजारी बसा. सही बदलायचं काम चार-सहा आठवडे तरी खातं, ठराव, केवायसी, फोटो, साहेब रजेवर, सगळं धरून चाला, ते आधी सुरू करा. कपाटाची दुसरी किल्ली मात्र उद्याच बनवून घ्या, त्याला ठराव लागत नाही.

पुढच्या बैठकीसाठी कच्चा मसुदा देते, तुमच्या भाषेत करून घ्या: "संघाच्या अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष या पदांचा कार्यकाळ दोन वर्षांचा राहील. एकाच पदावर सलग दोन वेळांपेक्षा जास्त कुणालाही राहता येणार नाही. नवीन पदाधिकाऱ्यांनी पद घेण्याआधी तीन महिने जुन्या पदाधिकाऱ्यांसोबत काम शिकावे. जुन्या अध्यक्षांनी पुढील सहा महिने फक्त विचारल्यास सल्ला द्यावा." शेवटची ओळ तुमच्यासाठी आहे, तुम्हाला सगळ्यात जड तीच जाणार. आणि खाली सूचक म्हणून तुमचं नाव टाकू नका, ठराव दुसऱ्या कुणाला तरी मांडू द्या, त्या वेळी तुम्ही मागच्या रांगेत बसा.